राजाच्या मेजावरील जागा

(शास्त्रभाग : २ शमुवेल, अध्याय ९)



योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडला व दोन्ही पायांनी लंगडा झाला. पुढे तो लो-दबार येथे दुसऱ्याच्या घरी दिवस कंठीत असता दावीद राजाने त्यास शोधून आणविले. राजाने मूठभर धान्य देऊन त्याची बोळवण केली नाही. त्याने शौलाची सर्व जमीन त्यास परत दिली व राजपुत्रांबरोबर आपल्या मेजावर त्यास नित्याची जागा दिली. जमिनीने त्याचा हक्क त्यास मिळाला, मेजाने त्याचा मान. अध्यायाच्या अखेरीस शास्त्र पुन्हा सांगते की, तो दोन्ही पायांनी लंगडाच होता. पाय बरे झाले नाहीत, तरी जागा मिळाली. हे आपण नीट ध्यानात धरावे.

आपल्या महाराष्ट्रात हा धडा कोणी कोणी गिरविला, ते पाहू. १९०० साली, देशात मोठा दुष्काळ असता, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांकरिता शाळा काढिली. अंधास एक पैसा टाकला की धर्म झाला, असे मानण्याचा तो काळ. परंतु शाळा पैसा देत नाही, विद्या देते. फ्रान्स देशातील लुई ब्रेल स्वतः अंध होता. त्याने सहा उंच ठिपक्यांची लिपी रचिली, आणि बोटांच्या स्पर्शाने वाचणे शक्य झाले. मिस मिलार्ड यांची शाळा आज कमला मेहता दादर अंधशाळा या नावाने मुलींना शिकवीत आहे.

पुढचे पाऊल कोल्हापुरात पडले. नसीमा हुरजूक यांच्या कमरेखालचे बळ तरुण वयातच गेले. त्यांनी चाकाच्या खुर्चीवर बसूनच १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारिली. मुलांना वसतिगृह व शिक्षण, मोठ्यांना हातास काम, हा तिचा मार्ग. मुंबईत डोळसांनी अंधांकरिता दार उघडिले, कोल्हापुरात अपंगांनी स्वतःच इतर अपंगांकरिता ते उघडिले. दोन्हींकरिता आपण देवाचे उपकार मानावे.

आता आपल्या कुरुळीकडे वळू. पुणे-नाशिक रस्त्यालगत जेथे शेते होती, तेथे आज कारखाने आहेत. यंत्रात ज्याची बोटे गेली, तो कामकरी आपल्या खोलीत मुका बसून असतो. गावात ज्या घरी मूल अपंग जन्मले, त्या घरी शेजारी हळूच विचारतात की, पाप कोणाचे? जन्मांधाविषयी शिष्यांनीही प्रभूस हेच विचारले होते. त्याचे वा त्याच्या आईबापांचे पाप हे त्याचे कारण नव्हे, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. मग आपण तो प्रश्न पुन्हा का उकरावा?

सरकारनेही २०१६ साली कायदा करून अपंगत्वाचे २१ प्रकार मानिले. ज्यांचे अपंगत्व शेकडा ४० वा अधिक, त्यांच्यापैकी मुलांस ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, व सरकारी नोकऱ्यांत त्यांच्याकरिता शेकडा ४ जागा राखून ठेविल्या आहेत. परंतु दाखला नसेल, तर हक्क कागदावरच राहतो. दावीदाने मफीबोशेथ आपण होऊन येण्याची वाट पाहिली नाही, माणूस पाठविला.

म्हणून उपदेशक बंधूंनो, या आठवड्यात अशा एका घरी जा. काय हवे ते आपण ठरवू नका, त्यालाच विचारा. प्रभूने बार्तीमयास तसेच विचारिले होते. दाखल्याकरिता सरकारी इस्पितळात त्याच्याबरोबर जा. मंदिराच्या पायरीशी उतार करा. भजनात त्यास मागच्या भिंतीशी न बसविता मध्ये बसवा, आणि एखादे काम त्याच्याकडे सोपवा.

ज्या मेजाभोवती आपण प्रभुभोजनास जमतो, तेथे आपणही कोणाच्या योग्यतेने बसत नाही. ज्याने आपणांस बोलाविले, त्याने त्यांनाही बोलाविले आहे. त्यांची जागा रिकामी ठेवू नये, अशी सुबुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो. आमेन.