देवाचे नाव, माणसाच्या अंगावर

स्पेनमधील सेव्हिया नगरात गुड फ्रायडेच्या पहाटे, हुआन दे मेसा याने 1620 साली घडविलेली, खांद्यावर क्रूस घेतलेली ‘हेसूस देल ग्रान पोदेर’ची मूर्ती मिरवणुकीने निघते, आणि त्याच नगरात उजव्या बगलेवरून चेंडू घेऊन धावणाऱ्या हेसूस नवास या फुटबॉलपटूला सहस्रावधी कंठांनी वर्षानुवर्षे त्याच नावाने हाक मारली. इंग्लंडातील ख्रिस्ती गृहस्थ आपल्या मुलास येशूचे हे नाव देण्यास सहसा धजत नाही. स्पॅनिश भाषिकांच्या जन्मनोंदीच्या दप्तरांत मात्र ते जागोजाग आढळते. प्रभूचे नाम मर्त्य देहाला चिकटविणे ही भक्ती की बेअदबी?

तिसऱ्या शतकातील थोर भाष्यकार ऑरिजेन याचा कौल स्पष्ट होता. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या काही प्राचीन पोथ्यांत रोमन सुभेदार पिलाताच्या कैदेतील बंदिवान बरब्बाचेही नाव येशूच आहे, म्हणजे जमावाने सुटकेसाठी दोन येशूंमधून एक निवडावयाचा आहे. पापी मनुष्याला हे नाव शोभत नाही, म्हणून तो पाठच ऑरिजेनला अग्राह्य वाटला. त्याच्या शंकेत तथ्य नाही असे नाही. स्पेनमधील बांधकाम व्यावसायिक हेसूस हिल याने उभारलेली इमारत 1969 साली कोसळून 58 माणसे दगावली, त्याला कैद झाली, हुकूमशहा फ्रँकोने माफी दिली, आणि पुढे तोच गृहस्थ अ‍ॅटलेटिको माद्रिदचा अध्यक्ष व मार्बेयाचा नगराध्यक्ष होऊन पुन्हा भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरला.

तथापि ऑरिजेनशी माझे मन सहमत होत नाही. पहिल्या शतकातील पॅलेस्टाइनमध्ये हे नाव घरोघरचे होते. यहुदी इतिहासकार जोसीफसच्या ग्रंथांत ते धारण करणारे अनेक जण आहेत, पौलाच्या सोबत्यांतही एक आहे. देव खरोखरच मनुष्य झाला असेल, तर शेजारच्या मुलाचेही असेल असेच नाव त्याने घेणे क्रमप्राप्त होते. आपल्या भागवतातील अजामिळ देवाचे नाव ठेवलेल्या मुलाला हाक मारता मारता तरला. तिथे महिमा नामाच्या सामर्थ्याचा आहे, इथे ईश्वराच्या लीनतेचा आहे, आणि हा भेद पुसून टाकू नये.

हे नाव धारकाचे कवच होत नाही, हेही नवासच्या आयुष्यात दिसते. तरुणपणी घरापासून दूर राहावे लागले की त्याला भीतीचे झटके येत. म्हणून राष्ट्रीय संघात तो 2009 च्या अखेरीसच आला. 2010 च्या विश्वचषकाच्या जोहान्सबर्ग येथील अंतिम सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या या मुलाच्या धावेतून 116 व्या मिनिटाच्या स्पेनच्या विजयी गोलाची चढाई सुरू झाली. गेथशेमानेच्या बागेत स्वतः येशूही भयाने व्याकूळ झाला होता, हे ज्याला मान्य आहे त्याला नवासचे नाव खटकण्याचे कारण नाही. आणि हिलचे खटकले, तरी ते हिरावून घेण्याचा अधिकार कोणा भाष्यकाराला नाही. बरब्बाचे ते नाव आजच्या कित्येक संशोधित आवृत्त्यांनी मूळ पाठात पुन्हा छापले आहे, आणि ते तिथेच राहिले पाहिजे.