पोत्याच्या शेपटाला बाटली

नॅनो आणि जैव तंत्रज्ञान एकत्र आलं की शेतीचं सोनं होणार, असं सांगणारे वक्ते हल्ली मेळाव्यांना उदंड झालेत. बोलून झालं की ते टेबलावरची बाटली उचलून दाखवतात: नॅनो युरिया. पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव असो की मंचर, ही बाटली शेतकऱ्याच्या ओळखीची आहे, आणि कित्येकांनी ती मागितलेलीही नव्हती. युरियाचं पोतं हवं तर बाटली घ्या, या प्रकाराला दुकानात 'लिंकिंग' म्हणतात. नियमात न बसणारी ही सक्ती राज्यभर राजरोस चालते. तंत्रज्ञान एवढं अचाट असेल, तर ते पोत्याच्या शेपटाला बांधून का विकावं लागतं?

हिशेबच मांडू. इफ्को या खत संस्थेने ही बाटली २०२१ मध्ये आणली. ५०० मिलिलिटरची बाटली ४५ किलोच्या पोत्याचं काम करते, असा दावा होता. बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. पोत्यात ४६ टक्के, म्हणजे २० किलोंहून अधिक. हजार पटींचा फरक! पुढे २० टक्क्यांची 'प्लस' आली. तिच्यात भरतं १०० ग्रॅम. कण कितीही बारीक करा, ग्रॅमचा किलो होत नाही. कोपनहेगन विद्यापीठाच्या मॅक्स फ्रँक आणि सोरेन हुस्टेड यांनी २०२३ मध्ये 'प्लांट अँड सॉइल' या नियतकालिकात हेच खडसावून विचारलं. त्यावर ठरलेलं उत्तर असं, की नॅनो कण पानातून थेट आत शिरतो, वाया जात नाही. अहो, साधा युरिया पाण्यात विरघळला की त्याचा रेणू एका नॅनोमीटरहूनही लहान असतो. म्हणजे आपले वडील पंपात युरिया कालवून फवारायचे, तेव्हा ते नॅनोच्याही पुढे होते! लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत दाणेदार युरिया कमी करून नॅनो फवारल्यावर गहू आणि भात, दोन्ही घटले.

   

इथे थांबून टाळ्या घेता येतील. पण 'नॅनो म्हणजे थोतांड' म्हणून मोकळा होणारा माणूस बाटली विकणाऱ्याइतकाच आळशी.

२०२० च्या उन्हाळ्यात, ऐन टाळेबंदीत, आपल्याकडचे टोमॅटो धड पिकेनात. एकाच फळावर पिवळे, हिरवे, लाल डाग. वाहिन्यांनी 'तिरंगा व्हायरस' असं नाव ठेवून माणसालाही धोका असल्याची आवई उठवली. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा त्यांत काकडी मोझॅक विषाणू निघाला. माणसाला त्याची बाधा होत नाही, पण फड आडवा होतो. हा विषाणू साधारण २९ नॅनोमीटरचा; केसाच्या जाडीत अडीच हजारांवर सहज मावतील. प्रथिनाच्या कवचात आरएनए, बस्स. नॅनो आणि जैव यांचा संगम आपल्या सरीत आला, तो असा.

मावा सोंड खुपसून हा विषाणू काही सेकंदांत उचलतो आणि तितक्याच झटपट शेजारच्या झाडाला देतो. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत त्याचं काम उरकलेलं असतं. म्हणून महागडी औषधं मारूनही रोप उपटावंच लागतं.

यावर खरं काम झालं ऑस्ट्रेलियात. क्वीन्सलँड विद्यापीठात नीना मित्तर आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए तयार केला. झाडाच्या पेशी त्याचे तुकडे करतात आणि त्या तुकड्यांवरून ओळख पटवून विषाणूचा आरएनए छाटतात. अडचण एवढीच, की नुसता आरएनए पानावर फार टिकत नाही. तो त्यांनी मातीच्या नॅनो पापुद्र्यांवर बसवला. पापुद्र्यावर धन भार, आरएनएवर ऋण, म्हणून तो घट्ट चिकटतो. पानावरच्या ओलीने आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पापुद्रा हळूहळू झिजतो आणि आरएनए सुटत राहतो. २०१७ मध्ये 'नेचर प्लांट्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तंबाखूच्या झाडांना एका फवाऱ्यात किमान २० दिवस संरक्षण मिळालं. कुठल्या विषाणूपासून? याच काकडी मोझॅकपासून! झाडाच्या जनुकांना हातही न लावता. इथे नॅनो नसेल तर जैव धुऊन जातं, आणि जैव नसेल तर नॅनो ही नुसती माती. 'संगम' हा शब्द मी इथे वापरू देईन. युरियाच्या बाटलीला नाही.

पुणेही मागे नव्हतं. टोमॅटोला मर लावणाऱ्या फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम बुरशीकडून चांदीचे नॅनो कण बनवून घेण्याचं काम राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत २००३ च्या सुमारास झालं. ज्या बुरशीच्या नावाने आपण बोटं मोडतो, तीच तिथे कारागीर झाली.

तरी सबुरी हवी. हरितगृहातली तंबाखू म्हणजे जुन्नरच्या पावसातला टोमॅटो नव्हे. उद्या ही माती बाटलीत भरून आली, तर तिलाही हाच तराजू लावावा लागेल. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणी अब्जावधी प्रकाशवर्षांवरचे संकेत टिपतात. त्याच तालुक्यात बाटलीचा उतारा मोजायला माणूस मिळू नये? ग्रामोन्नती मंडळाचं कृषी विज्ञान केंद्र नारायणगावातच आहे. नवं काहीही विकायला येण्याआधी तिथल्या प्लॉटवर शेजारी-शेजारी लावावं आणि वजनं रस्त्यावरच्या फलकावर लिहावीत, म्हणजे जाणारा-येणारा वाचेल.

तोवर ही चाचणी तुम्हीच करा. बाटली गळ्यात पडलीच असेल तर पक्की पावती घ्या, फवारताना मधल्या चार सरी कोऱ्या सोडा आणि त्यांचा तोडा वेगळ्या क्रेटमध्ये भरून मोजा.