नरनाळ्यावरचा राजा

गुप्त मंडळी, तळघरातल्या शपथा, दरबारी कारस्थानं आणि रात्रीतून घोडा दामटत निरोप पोचवणारा नायक. या मसाल्याच्या कादंबऱ्यांचं व्यसन एकदा लागलं की सुटत नाही, आणि मला ते सोडायचंही नाही. ड्यूमाची ‘जोसेफ बाल्सामो’ घ्या. १७७० साली डोंगरावरच्या पडक्या वाड्यात देशोदेशीचे सभासद जमतात आणि फ्रान्सचं सिंहासन उलथायचं तिथेच ठरतं. पुढे क्रांती होते ती जणू त्या बैठकीची अंमलबजावणी. रिकामा खजिना, महागलेला पाव, भुकेली गावं हे सगळं वाचकाच्या लेखी किरकोळ. अशीच, बव्हेरियात वाइसहाउप्टने १७७६ मध्ये खरोखर काढलेली इल्युमिनाटी ही गुप्त मंडळी तर १७८५ च्या सुमारास सरकारी बंदीने मोडलीही होती. पण मोडलेल्या मंडळीला कादंबरीत मरण नसतं.

आता आपल्या अकोटच्या उत्तरेकडे बघा. पोपटखेडवरून शहानूर गाठायचं, वनखात्याचा परवाना काढायचा आणि नरनाळा किल्ल्यावर चढायचं. महाकाली दरवाज्यापाशी थांबावंच लागतं. पांढऱ्या वालुकाश्मातली कमळं, दोन्ही अंगांना पुढे आलेले जाळीदार सज्जे आणि वर कोरलेला १४८७ चा लेख. तो लेख फतहुल्ला इमादुल्मुल्कच्या अमलातला, पण गौरव बहामनी सुलतान महमूदशहाचा, त्याच्या वंशावळीसकट. हाच फतहुल्ला तीनच वर्षांनी, १४९० मध्ये, स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडची इमादशाही सुरू झाली. धन्याचं नाव दगडात कोरायचं आणि मनात वेगळा हिशेब मांडायचा, यासाठी कुठली शपथ लागली नाही.

खरी कादंबरी पुढेच आहे. १५६२ मध्ये बुऱ्हाण इमादशहा लहान वयात गादीवर आला. कारभारी तुफालखानाने काही वर्षांत सगळी सत्ता गिळली आणि राजालाच नरनाळ्यावर कोंडलं. मग अहमदनगरचा मुर्तझा निजामशहा सरसावला. बाहेर सांगणं असं की राजाला सोडवायचं आहे, स्वामिद्रोही नोकराला धडा शिकवायचा आहे. आत विजापूरकरांशी आधीच ठरलेलं: तुम्ही कर्नाटकात हातपाय पसरा, आम्ही वऱ्हाड घेतो. निजामशाहीचा वजीर चंगीजखान याने तोफांच्या जोडीला पैसाही वापरला, बाहेरच्या व्यापाऱ्याला हाताशी धरून किल्ल्यातली माणसं फोडली, असं इतिहासकार फरिश्त्याच्या तवारिखेत येतं. १५७४ मध्ये नरनाळा आणि गाविलगड हे दोन्ही किल्ले पडले. राजाची सुटका झाली का? नाही. राजा, कारभारी आणि दोघांचेही नातलग एकाच कैदेत गेले आणि तिथेच संपले. त्यानंतर इमादशाहीचा वारस म्हणवणारा एक तोतया उभा राहिला, त्याला खानदेशच्या फारुकींनी बळ दिलं आणि तोही मोडला.

मला सगळ्यात जास्त गुंतवतो तो चंगीजखान. वऱ्हाड जिंकून देणाऱ्या या वजिराला वऱ्हाडचं स्वतंत्र राज्यच हवं आहे, अशी चुगली मुर्तझाच्या कानी गेली. मुर्तझाने औषधाच्या नावाखाली त्याला विष पाठवलं. चंगीजखानाने ते ओळखलं, तरी प्यायलं, आणि मरण्याआधी राज्य कसं राखावं याबद्दल धन्याला पत्र लिहून ठेवलं. ड्यूमाने हे लिहिलं असतं तर समीक्षकांनी त्याला अतिरेकी म्हटलं असतं.

या सगळ्यात पडद्यामागचा सूत्रधार कोण? कुणीच नाही. प्रत्येकाला डाव अर्धाच ठाऊक, प्रत्येकजण शेजारच्याच्या भीतीने चाल करतो, आणि डाव जिंकणाराच पुढच्या डावात मरतो. तुफालखानाने राजा कोंडलाय हे अख्ख्या दख्खनला माहीत होतं. कारस्थान होतं, पण ते चव्हाट्यावरचं. आपल्याला मात्र चव्हाट्यावरचं पुरत नाही. आजही अकोटच्या पारावर निवडणुकीचा निकाल लागला की कुणीतरी म्हणतोच, ‘यामागं कोनाचा तरी हात हाये.’ हात असला की बरं वाटतं. निदान कुणीतरी गाडा हाकतंय.

पण हे बरं वाटणं नेहमी फुकट मिळत नाही. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ १८३९ साली लंडनला आली आणि व्हिक्टोरिया राणीनेही ती आतुरतेने वाचली. तिच्या वाटा उमरावती-एलिचपुराकडच्याही आहेत. वाटसरूंना रुमालाने गळफास देणाऱ्या टोळ्या खऱ्या होत्या, खून खरे होते. पण माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून जे उभं राहिलं ते भवानीच्या शपथेने बांधलेलं, हिंदुस्थानभर पसरलेलं, वंशपरंपरेचं एकच गुप्त बंधुत्व. ते इतकं सुबक होतं का, याबद्दल अलीकडच्या इतिहासकारांना शंका आहेत. कायद्याला तेव्हा शंका नव्हती. १८३६ च्या कायद्याने अमुक खून केला हे सिद्ध करायची गरजच संपवली; माणूस ठगांच्या टोळीतला ठरला की जन्मठेप. जन्माने गुन्हेगार ही समजूत मग रुजतच गेली. १८७१ च्या कायद्याने तर जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या आणि तो डाग कागदावरून पुसायला १९५२ साल उजाडलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या पारध्याला विचारा, कागदाबाहेर तो किती पुसला गेला.

टेलरचीच गंमत पुढे आहे. १८५७ च्या बंडात हैदराबादच्या रेसिडेंटने त्याला बुलढाण्याला पाठवलं: फौज मिळणार नाही, जमेल तसं सांभाळ. उत्तरेत चपात्या गावोगाव फिरल्या होत्या आणि त्यांत गुप्त संकेत शोधून साहेब लोकांची झोप उडाली होती. वऱ्हाड मात्र शांत राहिलं. टेलरने शिपायांवाचून जिल्हा सांभाळला, वर जनरल व्हिटलॉकच्या फौजेसाठी बैल जमवून दिले. ओळखपाळख, सावकार, पाटील, गाडीवान यांच्या भरवशावर मुलूख कसा चालतो किंवा बिघडतो, हे त्याच्याइतकं जवळून पाहिलेला कादंबरीकार दुसरा नसेल.

१८७२ मध्ये त्याने १८५७ वर ‘सीता’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात बंडाची चिथावणी देत हिंडणारा माणूस कोण? अझ्राएल पांडे नावाचा जुना दरोडेखोर. बुलढाण्यात बैल जमवणाऱ्या टेलरला असा एकही पांडे लागला नव्हता; लेखक टेलरचं मात्र त्याच्यावाचून पान हललं नाही.