पात्रता आणि दृष्टि

इ. स. २०१० च्या ऑगस्ट महिन्यांत माझा मुक्काम अमेरिकेंत, न्यू जर्सी राज्यांत, थोरल्या बंधूंच्या घरीं होता. तेथील फुटबॉलशीं माझा परिचय तोंवर केवळ नांवापुरता. त्या खेळांत पायापेक्षां हाताला काम अधिक, आणि हातापेक्षां प्रेक्षकांच्या जिभेला अधिक, हें मला तेथें समजलें. ता. १६ रोजीं रात्रीं न्यूयॉर्क जायंट्स व न्यूयॉर्क जेट्स या दोन शेजारी संघांचा, हंगामापूर्वींचा सरावाचा सामना होता. जायंट्सच्या बाजूनें व्हिक्टर क्रूझ नांवाचा एक नवखा तरुण उतरला. त्याचें काम वाइड रिसीव्हरचें. म्हणजे मैदानाच्या कडेला दूर उभें राहावयाचें, खेळ सुरू होतांच धावत सुटावयाचें, आणि क्वार्टरबॅकनें लांबून फेकलेला चेंडू प्रतिपक्षाच्या हातांतून वांचवून झेलावयाचा. त्या रात्रीं त्यानें सहा चेंडू झेलले, १४५ यार्ड जमीन जिंकली, आणि तीन वेळां चेंडू अखेरच्या रेषेपलीकडे नेला. त्या दिवसापर्यंत आमच्या घरांत त्याचें नांव कोणासही ठाऊक नव्हतें.

सामना संपला आणि वाद सुरू झाला. तो समजण्यासाठीं तेथील व्यवस्था थोडी सांगितली पाहिजे. प्रतिवर्षीं वसंतांत तेथील ३२ संघ महाविद्यालयीन खेळाडूंतून आपापले गडी सात फेऱ्यांत निवडून घेतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. २०१० सालीं असे २५५ तरुण निवडले गेले. क्रूझ हा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा. त्या २५५ नांवांत त्याचें नांव नव्हतें. न निवडलेल्यांतले कांहीं तरुणही उन्हाळ्यांत सरावासाठीं बोलावले जातात. परंतु हंगामाच्या आरंभीं प्रत्येक संघाच्या यादींत जागा ५३ च. आजच्या नियमानें सरावाला ९० पर्यंत गडी ठेवतां येतात. म्हणजे सारे संघ मिळून ऑगस्टच्या अखेरीस सुमारें बाराशे तरुणांना यादीबाहेर जावें लागतें. त्यांतील कित्येकांना सरावाच्या राखीव तुकडींत आसरा मिळतो. बाकीच्यांना दुसरा मार्ग शोधावा लागतो.

माझा पुतण्या तेव्हां सतरा वर्षांचा होता. तो म्हणाला, "काका, आतां याला यादींत घेतलें नाहीं तर तो सरळ सरळ अन्याय होईल." शेजारचे एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ आमच्याबरोबर बसले होते. अर्धें आयुष्य त्यांनीं जायंट्सच्या जयापजयांत घालविलेलें. ते शांतपणें म्हणाले, "सामना सरावाचा होता. प्रतिपक्षाचे मुख्य गडी केव्हांच बाजूला जाऊन बसले होते. मुलानें हरविलें तें दुसऱ्या-तिसऱ्या फळीला. एका रात्रीवरून माणूस पारखतां येत नाहीं. आणि त्याला घ्यावयाचा, तर काढावयाचा कोणाला, तें नांव आधीं सांगा." बंधूंचा पेशा इंजिनिअराचा. त्यांचें म्हणणें एवढेंच, कीं प्रशिक्षक त्याला रोज पाहतात, आपण तासभर पाहिलें. तेव्हां आपण बोलूं नये हें बरें. मी मात्र पुतण्याच्या बाजूचा झालों, आणि "गुणांची कदर" या विषयावर बरेंच बोललों. त्या बोलण्याची आठवण पुढें मला सुखाची राहिली नाहीं; त्याचें कारण शेवटीं सांगेन.

"तो त्या जागेस पात्र आहे" असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां आपल्याला नेमकें काय म्हणावयाचें असतें? एक अर्थ असा, कीं त्यानें कष्ट केले, त्याचें हें फळ. दुसरा असा, कीं पुढें तो उपयोगीं पडेल. तिसरा असा, कीं या घटकेस संघाला अशाच माणसाची गरज आहे. हे तीन अर्थ एकमेकांत मिसळले म्हणजे वाद संपत नाहीं. पुतण्या पहिल्या अर्थानें बोलत होता, वृद्ध गृहस्थ दुसऱ्या, आणि बंधूंच्या मनांत तिसरा होता. केवळ कष्ट हाच आधार धरला, तर त्या बाराशांपैकीं कष्ट न केलेला असा एकही सांपडणार नाहीं. मग जागा कोणाची? उलट, केवळ भविष्याकडे पाहिलें, तर पात्रता हा शब्दच अनावश्यक ठरतो. उरतो तो अदमास.

ॲरिस्टॉटलनें आपल्या राजनीतिविषयक ग्रंथांत या प्रश्नाला एक दृष्टांत दिला आहे. उत्तम बांसऱ्या कोणाला द्याव्या? कुलीनाला नव्हे, देखण्यालाही नव्हे. ज्याला उत्तम वाजवितां येते त्याला. दृष्टांत सुंदर आहे, परंतु त्यांत एक अडचण राहून गेली आहे. बांसरी हातीं पडल्यावांचून कोण उत्तम वाजवितो तें कळावें कसें? चेंडू झेलणाऱ्या गड्याची अवस्था नेमकी अशी आहे. तो कितीही चपळ असो, कोणी त्याच्याकडे चेंडू फेकला नाहीं तर त्याचा गुण दिसणारच नाहीं. चेंडू फेकणाऱ्याची नजर स्वभावतः ओळखीच्या गड्याकडे वळते. ज्याच्यावर संघानें मोठी रक्कम लावली आहे, त्याच्या हातून दोन झेल सुटले तरी तिसरा चेंडू त्याच्याकडे येतो. बिनओळखीच्या गड्याच्या हातून पहिलाच सुटला, तर दुसरा येईलच असें नाहीं. म्हणजे पात्रतेचा जो पुरावा आपण मागतों, तो गोळा करण्याची संधिच सर्वांना सारखी दिलेली नसते. आणि मग पुरावा अपुरा पडला म्हणून आपणच त्याला अपात्र ठरवितों.

वाचकांस येथें कर्णाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. अर्जुनानें जें जें करून दाखविलें, तें तें त्यानेंही भर रंगभूमीवर करून दाखविलें. आणि कृपाचार्यांनीं त्याला काय विचारलें, तर कुल कोणतें! तो प्रश्न ऐकून आपण सारे कर्णाच्या बाजूचे होतों. परंतु दुर्योधनानें त्याला तत्क्षणीं अंगदेशाचें राज्य दिलें, तें निखळ गुणपूजेनें खास नव्हे. अर्जुनाला तोडीस तोड गडी मिळाला, हा आनंद त्यांत मोठा होता. अपरिचिताचा कैवार घेणाऱ्या आपल्या मनांतही पुष्कळदां अर्धें प्रेम कर्णाचें, आणि अर्धा राग कुल विचारणाऱ्यांचा असतो. शिवाय क्रूझ हा न्यू जर्सींतल्याच पॅटर्सन गांवचा. पुतण्याच्या न्यायबुद्धींत "आपल्याकडचा" या भावनेचा वांटा किती होता, हें तो स्वतःही सांगूं शकला नसता.

यावर कोणी म्हणेल, पुढें काय झालें तें सांगा, म्हणजे कोण खरा ठरला तें कळेल. पुढें झालें तें असें. क्रूझला त्या वर्षीं यादींत जागा मिळाली. तो तीन सामन्यांत उतरला, एकही चेंडू झेलूं शकला नाहीं, आणि दुखापतीमुळें हंगामाला मुकला. म्हणजे २०१० च्या अखेरीस वृद्ध गृहस्थ बरोबर होते. २०११ सालीं त्यानें ८२ चेंडू झेलून १५३६ यार्ड मिळविले. जायंट्सच्या इतिहासांत एका हंगामांत इतके यार्ड तोंवर कोणीही मिळविले नव्हते. त्या डिसेंबरांत त्याच जेट्सविरुद्ध एक चेंडू घेऊन तो ९९ यार्ड धावला, आणि २०१२ च्या फेब्रुवारींत संघानें अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां अंतिम सामन्यांतील पहिला टचडाउन त्याचा होता. तेव्हां पुतण्या बरोबर ठरला. २०१४ च्या ऑक्टोबरांत गुडघ्याला भयंकर दुखापत झाली आणि पूर्वींचा क्रूझ पुन्हां दिसला नाहीं. आतां निकालाची तारीख कोणती धरावयाची? फळावरून निर्णय पारखावयाचा, तर प्रत्येक वर्षीं न्याय बदलत जाईल. आणि दुसरें असें, कीं एका क्रूझची कथा आपण सांगतों. सरावाच्या सामन्यांत एक रात्र चमकून नाहींसे झालेले कितीतरी आहेत, त्यांचीं नांवें त्यांच्या घरच्यांखेरीज कोणाला आठवतात? यशाची एक गोष्ट सांगून पात्रतेचा सिद्धांत स्थापणें, म्हणजे सोडतींत जिंकलेल्याला विचारून सोडतीची शिफारस करण्यासारखें आहे.

मग अन्याय हा शब्द अशा ठिकाणीं निरर्थकच समजावयाचा काय? जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञानें १९७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथांत असें प्रतिपादिलें आहे, कीं उपजत गुण ही कोणाची कमाई नव्हे; इतकेंच काय, कष्ट करण्याची वृत्ति देखील पुष्कळशी घरच्या अनुकूल परिस्थितीवर अवलंबून असते. म्हणून जागेवरचा हक्क हा माणसाच्या आंतरिक योग्यतेंतून निघत नाहीं. जे नियम आपण जाहीर केले, त्यांनीं ज्या रास्त अपेक्षा निर्माण केल्या, त्यांतून तो निघतो. हें मत प्रथम कठोर वाटतें. परंतु त्यांतूनच मला पुतण्याच्या शब्दाचा खरा अर्थ सांपडला. संघानें त्या तरुणाला जागेचें वचन दिलें नव्हतें. परीक्षेचें दिलें होतें. ये, धांव, झेल, आम्ही पाहतों, असें त्याला सांगितलें होतें. तेव्हां जागा त्याची नव्हती. पण तें पाहणें त्याचें होतें. परीक्षा हा केवळ देखावा असेल, यादी आधींच मनांत ठरली असेल, तर तो अन्याय. मग निवडलेले ५३ गडी कितीही उत्तम निघोत. आणि डोळे उघडे ठेवून पाहिल्यावर त्याला नाकारलें, तर तें दुःख खरें, पण अन्याय नव्हे. हेंच देणें त्याच्यासाठीं जागा सोडणाऱ्या, नांव नसलेल्या गड्यालाही लागू आहे. वृद्ध गृहस्थांचा प्रश्न आम्ही टाळला, तेव्हां आम्हीही त्या गड्याकडे पाहिलें नव्हतें.

आतां वर कबूल केलेली गोष्ट. त्या रात्रीनंतर सहा वर्षांनीं एका महाविद्यालयांत अध्यापकाच्या एका जागेसाठीं निवड करावयाची होती, आणि समितींत मी होतों. एका मोठ्या विद्यापीठाचा पदवीधर होता. दुसरा तालुक्याच्या गांवीं शिकलेला, इंग्रजी अडखळत बोलणारा. दुसऱ्यानें दहा मिनिटांचा पाठ दिला तो, माझ्या सहकाऱ्यांच्या मतें, उत्कृष्ट होता. मी म्हणालों, "एका पाठावरून माणूस पारखतां येत नाहीं." वाक्य वृद्ध गृहस्थांचें होतें, आणि तें खोटेंही नव्हतें. पहिल्याची निवड झाली. तो चांगला शिक्षक निघाला. विद्यार्थी त्याच्यावर प्रसन्न आहेत. निर्णय चुकला असें मला आजही म्हणतां येत नाहीं.

परंतु मला एक गोष्ट ठाऊक आहे, ती समितींतील दुसऱ्या कोणास ठाऊक नाहीं. तो तरुण फळ्याशीं उभा राहून शिकवीत असतां मी मान खालीं घालून पुढच्या उमेदवाराचा अर्ज वाचीत होतों. त्याचा पाठ कसा झाला, हें मी सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकलें. जागा त्याची होती कीं नव्हती, हा प्रश्न मी सोडून दिला आहे. तीं दहा मिनिटें मात्र त्याचीं होतीं. तीं मीं त्याला दिलीं नाहींत.