आग लावून थंड होणारा फ्रिज

कनेरगाव नाक्यावर बोट कुणाकडे नाही. पैनगंगा जवळ आहे, पण पुरात रस्ता अडवण्यापलीकडे तिची नि वाहतुकीची ओळख नाही. हिंगोली संपून वाशीम सुरू होतं तिथं ट्रक थांबतात, थंड बाटल्या खपतात. फ्रिज बसला की मिस्त्री कॉम्प्रेसरला कान लावतो आणि म्हणतो, "गॅस भरावा लागंल."

हा उपाय जिथं चालतच नाही, असाही एक फ्रिज आहे. जुन्या बोटींवर तो असायचा, वीज नसलेल्या गावांत रॉकेलवर चालायचा. 1922 साली स्टॉकहोममध्ये बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो बनवला. खाली ज्योत, वर थंडावा! नळ्यांत पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन. ज्योतीनं अमोनिया पाण्यातून सुटतो, थंड होऊन द्रव बनतो, हायड्रोजनच्या सोबतीत पुन्हा उडून जाताना कपाटातली उष्णता ओढून घेतो आणि अखेर परत पाण्यात मिसळतो. हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे आवाजही नाही.

त्याची एकच अट, समतल जागा. आतला द्रव स्वतःच्या वजनानं उतारावरून परततो. लाटेवरचं डोलणं तो सोसतो, पण शिडाची बोट तासन् तास एका अंगावर कलली की द्रव अडकतो. ज्योत मात्र जळतच राहते, तळाची नळी कोरडी तापते आणि गंज रोखण्यासाठी घातलेलं सोडियम क्रोमेट तिथंच घट्ट बसतं. म्हणजे ज्याला स्थिर जमीन हवी तो पाण्यावर गेला. आपल्या नाक्यावर तो सुखानं नांदला असता.

दुरुस्ती की नवा? नळ्यांच्या बाहेरचं काहीही बिघडलं तर दुरुस्त करावं. धुराड्यातली काजळी काढा, बर्नर साफ करा, दाराचं रबर बदला, पाणसळ लावून फ्रिज सरळ करा; निम्मे 'मेलेले' फ्रिज एवढ्यावरच उठत असावेत. आतलं बिघडलं तर मात्र हात लावू नये. नळ्या कारखान्यातच दाबाखाली भरून बंद केलेल्या असतात, त्यामुळे रस्त्याकडेच्या वेल्डिंगचं ते काम नव्हे. टाकून द्यायला आपला जीव होत नाही, आणि ही सवय मला चांगलीच वाटते. पण इथं ती आवरावी.

बोटीवर तर नवा घ्यायला दुसरंही कारण आहे, ज्योतीचा गॅस. एलपीजी हवेहून जड. गळाला की बोटीच्या पोटात साचून राहतो. बंद केबिनमध्ये ज्योत नीट जळली नाही तर कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना रंग ना वास. म्हणून बोटवाले आता 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज घेतात. माझं मतही तेच.

असा जुना फ्रिज कुणाच्या शेतघरात असेल तर मागे बघा. नळीवर पिवळी पूड, म्हणजे तेच क्रोमेट, दिसली किंवा अमोनियाचा झणका आला, तर ज्योत विझवा, दारं उघडा, पुडीला हात लावू नका. आणि भंगारवाल्याला देताना आत काय आहे ते सांगूनच द्या. त्याच्या हातात गॅस कटर असतो.