ताटीमागचा राग



आज ताटीचे अभंग. प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. परंपरा सांगते, लोकांच्या वागण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीत शिरले आणि ताटी लावून बसले. धाकटी मुक्ताई बाहेरून विनवत राहिली. मला नवल वाटतं ते याचं, की वारकऱ्यांनी हा प्रसंग झाकला नाही. माऊलीसुद्धा रुसली, हे आपण अजून गातोय.

मी कोल्हापुरात व्यसनमुक्तीचे गट घेते. दहा-बारा माणसं गोल बसतात, मी त्यांच्यातच. लोकांना वाटतं समुपदेशक म्हणजे शांतीचा पुतळा. कसलं काय! एखादे दादा वीस मिनिटं नुसता बायकोला दोष देतात आणि माझी कानशिलं तापतात.

हसून तो राग आत कोंडला, की लागली ताटी. त्यांच्यावर काढला, तर अख्खा गट गप्प. पॉला हायमन या मनोविश्लेषक बाईंनी १९५० साली मांडलं, की उपचार करणाऱ्याच्या मनात उठणारी भावना हे समोरच्याचं मन समजण्याचं साधनही असतं. म्हणून मी आधी बघते, हा राग माझ्या एकटीचा आहे का? बाकीचे माना खाली घालून बसलेत, कुणी घड्याळ बघतंय. म्हणजे तो सगळ्यांचा आहे. मग म्हणते, "दादा, तुम्ही बोलताय, पण मी तुमच्यापासून लांब चाललेय. बाकीच्यांना काय होतंय?" तिथून खरं बोलणं सुरू होतं.

काही राग मात्र निव्वळ माझा असतो. माझे वडील प्यायचे. तसला आवाज कानावर पडला की मी आठ वर्षांची होते. शुक्रवारी अंबाबाईच्या रांगेत उभं राहूनही तो सुटत नाही. तो गटापुढे मांडायचा नसतो, माझ्या वरिष्ठ मॅडमकडे न्यायचा असतो. तिथे रडतेसुद्धा.

आणि ताटी म्हणजे काही सागवानी दार नव्हे. हलकं, कुडाचं. बाहेरचा आवाज आत येतोच. मुक्ताई भावंडांत सगळ्यात लहान, तरी तिनेच हाक मारली. आमच्या गटातला सगळ्यात लहान पोरगा (त्याला विचारूनच लिहितेय) एकदा म्हणाला, "ताई, आज चिडलाय काय तुम्ही?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "होय, चिडलेय. तुझ्यावर नाही."

त्याने खुर्ची पुढं ओढली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा घरचं बोलला.

उद्या पुढचा अभंग घेऊ.