टाके पिकतात तेव्हा

सिझरचे टाके पिकले की घरात पहिला प्रश्न येतो, हिने खाल्ले काय? भात खाल्ला असेल, आंबट चाखले असेल, ओल्या अंगाने वावरली असेल. बाळंतिणीच्या ताटातला एकेक जिन्नस तपासला जातो आणि बिचारा भात बंद होतो. जखम भरून यायला जिला अन्नाची सर्वांत जास्त गरज, तिचेच अन्न तोडले जाते. मला याची चीड येते. टाके पिकण्यामागची बरीचशी कारणे ती टेबलावर आडवी असताना, तिच्या हातात काहीच नसताना घडून गेलेली असतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणे सिझरने झाल्याचे आढळले. देशभरातल्या खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते. म्हणजे महाराष्ट्रात चारांतल्या एका बाळंतिणीच्या पोटावर ही जखम आहे. तरी तिच्याविषयी घरात जे बोलणे होते, ते बहुधा वण दिसेल का, एवढ्यापुरतेच.

वणाचा प्रश्न हेरमान फानेनश्टील यांनी १९०० साली बराचसा सोडवला. ब्रेस्लाऊच्या या स्त्रीरोगतज्ज्ञाने बेंबीखालच्या उभ्या छेदाऐवजी जघनास्थीच्या दोन बोटे वर किंचित कमानदार आडवा छेद घ्यायला सुरुवात केली. हर्निया कमी होऊ लागले, वणही झाकला गेला. पुढे जोएल-कोहेन यांनी त्याहून थोडा वर, सरळ रेषेत छेद सुचवला. तो मुळात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी होता. जेरुसलेमच्या मिस्गाव लादाख रुग्णालयात मायकेल स्टार्क यांनी तो सिझरसाठी रुळवला. या पद्धतीत चाकू पूर्ण लांबीभर फक्त कातडी कापतो. चरबी मधोमध जराशी उघडायची, खालच्या आवरणाला बारीक छेद द्यायचा आणि बाकीचे थर दोन्ही हातांच्या बोटांनी बाजूला ताणायचे. चरबीतल्या रक्तवाहिन्या कापल्या न जाता सरकतात. रक्त कमी जाते, वेळ वाचतो. कातडीखाली रक्त साकळले तर जंतूंना आयते खाद्य मिळते, म्हणून या हलक्या हाताचे मोल आहे.

मग या छेदाने टाके पिकणे थांबते का? फानेनश्टील पद्धतीशी तुलना करणाऱ्या छोट्या चाचण्यांत जोएल-कोहेन छेदानंतर ताप येण्याचे प्रमाण बरेच कमी दिसले. जखमेच्या संसर्गात मात्र ठाम फरक दिसला नाही. नंतर ‘कोरोनिस’ नावाची मोठी चाचणी झाली. भारतासह सात देशांतल्या १५ हजारांवर स्त्रिया तिच्यात होत्या. पोट बोटांनी उघडा की चाकूने, सहा आठवड्यांत आईच्या प्रकृतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कातडीला एक चाकू आणि आतल्या थरांना दुसरा, या जुन्या शिस्तीलाही भक्कम पुरावा मिळालेला नाही. छेदाची रेघ महत्त्वाची आहे, पण आपण तिला जेवढे श्रेय देतो तेवढी नाही.

फरक पडतो तो छेदाच्या आधी. पूर्वी सिझरमध्ये अँटिबायोटिक बाळाची नाळ बांधल्यावर देत, औषध बाळाच्या अंगात जाऊ नये म्हणून. पण चाकू लागतो त्या क्षणी औषध कातडीखाली पोचलेले हवे. चाचण्यांत हेच दिसले: छेदापूर्वी इंजेक्शन दिले तर आईचा संसर्ग घटतो आणि बाळाला त्याचा अपाय झाल्याचे आढळत नाही. आता छेदाआधी तासाभराच्या आत ते देण्याची शिफारस आहे. वेळेवर दिलेला एक डोस बहुतेकींना पुरतो. नंतर पाच-सात दिवस गोळ्यांची पाकिटे हातात ठेवून हुकलेली वेळ भरून निघत नाही, आणि औषधांना दाद न देणारे जंतू तेवढे पोसले जातात.

तीच गोष्ट कातडी पुसण्याची. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत अल्कोहोलमधले आयोडीन वापरलेल्या स्त्रियांपैकी ७.३ टक्के जणींना जखमेचा संसर्ग झाला, अल्कोहोलमधले क्लोरहेक्सिडीन वापरलेल्यांपैकी ४ टक्क्यांना. मात्र ते औषध लावून कातडी कोरडी होईपर्यंत, निदान तीन मिनिटे, थांबावे लागते. ओली कातडी तशीच पुसून चादर टाकली की अर्धा गुण गेला; वर रक्तवाहिन्या डागणाऱ्या कॉटरीच्या ठिणगीने पेट घेण्याचा धोका वेगळाच. केस रेझरने काढले तर न दिसणारे ओरखडे पडतात आणि जंतूंना घर मिळते. काढायचेच असतील तर क्लिपरने. चरबीचा थर दोन सेंटिमीटरहून जाड असेल तर तोही शिवावा, म्हणजे आत पोकळी राहून पाणी साचत नाही.

यातली कितीतरी कामे सर्जनच्या हाताने होत नाहीत. इंजेक्शनची वेळ सिस्टर सांभाळते, पोट रंगवून झाल्यावर घड्याळ तीच पाहते. रात्री दोनला, एका टेबलावरची बाई उतरवून दुसरी घ्यायची असताना, ‘सर, अजून सुकलं नाही, एक मिनिट थांबा’ असे तिला म्हणता आले पाहिजे आणि सरांनी थांबले पाहिजे. माझ्या मते रुग्णालयाची खरी परीक्षा इथे होते.

दुसरी परीक्षा घरी परतल्यावर. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझरनंतर रुग्णालयात सात दिवसांपर्यंत मोफत जेवण मिळते, पण जखमेच्या संसर्गाची गणती तीस दिवसांपर्यंत करायची असते आणि पुष्कळ जखमा घरी गेल्यावरच वाहू लागतात. बाई माहेरी गेलेली असते. ती तिथल्या दवाखान्यात ड्रेसिंग करून घेते आणि ज्या सर्जनने ऑपरेशन केले, त्याला पत्ताही लागत नाही. त्याच्या वहीत संसर्ग शून्य.

ही नोंद करायला वेगळी यंत्रणा उभारायला नको. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामातून पुढे आलेली घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत देशभर गेली. त्यानुसार सिझरनंतर आशा कार्यकर्ती सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला पाहायला घरी जाते. त्याच वेळी आईची जखम लाल आहे का, गरम लागते का, पाणी येते का, हे पाहून ऑपरेशन केलेल्या रुग्णालयाला फोनवर कळवता येईल. त्या कामाचा मोबदला मात्र आशांना वेगळा द्यावा, आणि माहेरचे गाव दुसऱ्या तालुक्यात असले तरी ही भेट कोणाच्या यादीत येणार, हे डिस्चार्जच्या कागदावरच लिहून द्यावे.